ऊन पडलं असताना तळलेल्या तोर्ता

...छे छे, इंजिन काय बघता! झाकण उघडून मिशीला पीळ देणारे छप्पन्न भेटतात. तुम्हाला सांगतो, जुनी मोटरहोम घ्यायची ना, तर आधी भिंत दाबून बघा! अंगठ्यानं! खिडकीखाली, कपाटाच्या आत, छत न् भिंत मिळते त्या कोपऱ्यात... टणक लागली तर देव पावला, अंगठा आत गेला तर टोपी उचला आणि घर गाठा. आणि मी काय तपासलं? मी हॉर्न वाजवून बघितला!

आता लेक आमची एस्केलला, पार दक्षिणेत. पहिलं बाळंतपण, जावई तेलविहिरीवर, घर दीड खोलीचं. आमची नेलीदा म्हणाली, 'आपण चाकांवरचं घर घेऊ, तिच्या अंगणात लावू, बाळाला न्हाऊमाखू घालू, कुणाच्या पायात पायात नको.' झालं! तांदिलमधलं भाड्याचं घर सोडलं आणि गेलो हेरिबेर्तो नावाच्या एकाकडे त्याची जुनी गाडी बघायला.

काय ती गाडी! पांढरीशुभ्र, नारिंगी पट्टा, फुलाफुलांचे पडदे... आणि हेरिबेर्तो? साखरेत घोळलेला! 'या ओस्वाल्दोभाऊ, या वहिनी, बसा! तिथं नको हो, तिथं ऊन लागतं, इथं बसा!' ऊन कसलं, गाडीची तिथली जमीन कुजली होती! आणि माते सुरू, आमच्याकडचा तो पाल्याचा चहा. वाटी हातात, नळी तोंडात, कडू घोट घशात. आता तुम्हीच सांगा, माणूस एवढं प्रेमानं पाजतोय आणि आपण त्याच्या भिंती दाबत फिरायचं? बरं, 'धन्यवाद' म्हटल्याशिवाय तो भरायचा थांबत नाही, आणि ते म्हणायला माझी जीभ उचलेल तर ना! भिडस्त पडलो! वाटीवर वाटी रिचवली, पोटाचं तळं झालं आणि गाडी बघितली ती फक्त बसल्या जागेवरून!

तेवढ्यात त्याची बायको आतल्याच शेगडीवर तोर्ता तळायला लागली. पुऱ्यांसारख्याच, पण चरबीत तळलेल्या, वर साखर भुरभुरलेली... काय वास सुटला! नेलीदानं माझी बाही ओढली. 'अहो, पाऊस कुठाय?'

'आँ?'

'बाहेर लख्ख ऊन पडलंय. उन्हात तोर्ता कोण तळतं?'

खरंच की हो! आमच्याकडे पाऊस पडला की तोर्ता. अंगणात कपडे वाळत असताना कुणी कढई चढवत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं! आणि मी काय म्हणालो? 'गप खा!'

त्या चरबीच्या वासाखाली बुरशीचा वास दडवला होता हो! म्हणून सांगतो, भिंत दाबून बघा!

पैसे मोजले, एस्केलची वाट धरली, रिओ कोलोरादो नदीचा पूल ओलांडला आणि आला पाऊस. पहिली धार नेलीदाच्या उशीवर. मग छताची फळी माझ्या टाळक्यात. आधाराला भिंतीवर हात टेकला तर हात भिंतीत! भिंत कसली, कॉफीत बुडवलेलं बिस्किट! खाली वाकून बघतो तर ताज्या काळ्या रंगाखाली नुसता गंज. टायरांची नक्षी नवीकोरी, रबर मात्र लेकीच्या वयाचं!

नेलीदानं ओली चादर पिळली, पिशवी भरली, एस्केलची बस धरली. फोनवर म्हणते, 'नातू तुमच्यावर गेलाय. त्या खोक्याचं काहीतरी करा आणि या.' खोकं विकल्याशिवाय येऊ कसा? होतं नव्हतं ते सगळं त्याच्यातच घातलंय!

तर आता पेट्रोल पंपामागे मी आणि खोकं. काल गिऱ्हाईक आलं. तरुण जोडपं, पोरीचं पोट हे एवढं पुढं. आभाळ स्वच्छ! आणि मी... मी पीठ मळून तयार होतो! पडदे धुतलेले, वाटी भरलेली. 'या या, तिथं नको हो, इथं बसा!' कढई चढवली. तो खुळा हॉर्न वाजवून बघतोय, खूश! नातू डोळ्यांसमोर नाचायला लागला माझ्या! आणि ती पोरगी खिडकीतून वर बघत म्हणाली, 'आजोबा, पाऊस कुठाय?'

अगदी त्याच सुरात हो.

'गप खा' अगदी ओठांवर आलं होतं. झारा खाली ठेवला. म्हटलं, 'पोरी, आधी भिंत दाबून बघ.'

दाबली. अंगठा आत! 'धन्यवाद, आजोबा,' म्हणाली, वाटी परत दिली, नवऱ्याला हॉर्नवरून उठवलं आणि गेली. बघा, किती सोपं असतं ते म्हणणं!

उरल्या ताटभर तोर्ता. आणि संध्याकाळी पाऊस आला... धो धो, चारही कोपऱ्यांतून, घरात! उशाशी बादली लावली, गार तोर्ता उचलली आणि म्हटलं, गप खा ओस्वाल्दो, आता पाऊस आहे.