हॉब्स सरांची जागा

आदरणीय अध्यक्ष राजाभाऊ, प्रायोजक श्रीधरराव, आजचे सत्कारमूर्ती कोच हॉब्स, आणि जर्मनीत, र्युसेल्सहाइमच्या आपल्या मराठी मंडळातल्या लेकी-सुनांनो, जावयांनो, नातवंडांनो,

सत्कारमूर्ती तिसरे आले, कारण मला तोच क्रम सांगितला होता.

हॉब्स सर अमेरिकेच्या दक्षिणेत तीस वर्षं कॉलेजांचे फुटबॉल कोच होते. लांबट चेंडू हातात घेऊन पळायचं, तो फुटबॉल. आपल्या बॅनरवर गोल चेंडू आहे. असू दे, चेंडू तर आहे. गोऱ्यांची कॉलेजं काळ्या मुलांना दारात उभं करत नव्हती, तेव्हा त्या मुलांसाठी निघालेली ही कॉलेजं. सर तिथे खेळ शिकवत, संघाची बस चालवत, गणवेशही धूत. संघ जिंकू लागल्यावर एका मोठ्या विद्यापीठाने त्यांना मुलाखतीला बोलावलं, मैदान दाखवलं, उत्तम जेवू घातलं आणि नेमलं दुसऱ्यालाच. त्या गृहस्थांनी पुढे फोन करून सरांचेच डावपेच विचारले. सरांना मानपत्र मिळालं. मानपत्रं देताना मोठी माणसं कधी हात आखडतात का?

सर इथे मुलीकडे राहायला आले, आपल्या मुलांना शिकवू लागले, तेव्हा राजाभाऊ मला म्हणाले, "स्नेहलताताई, ही कॉलेजं रँकिंगमध्ये दिसत नाहीत हो." गेनाऊ, अगदी बरोबर. दिसत नाहीत.

आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर अगाथा माझ्या डोक्यावर किती मायेने हात ठेवत. मॉनिटर मात्र दरवर्षी कलेक्टरांची मुलगी. तो हात अजून आठवतो, आणि तेही.

सरांची एक पद्धत आहे. सामन्यातला शेवटचा डाव ते सहायकाला ठरवू देतात. फसला तर मुलांसमोर दोष स्वतःकडे घेतात. ती सहायक म्हणजे आपल्या कुंदाची मुक्ता. माझा नातू मल्हार घरी जर्मनच बोलतो, पण खेळाचं विचारलं की म्हणतो, "आजी, मुक्ताताईला विचार."

आता सर निवृत्त होताहेत, आणि परवा समितीचं ठरलं, सरांच्या जागी बाहेरचा कोच आणायचा. "अनुभवी हवा," म्हणे. मुक्ताला सन्मानचिन्ह. मी सरांना सांगितलं, तर हसून म्हणाले, "जेवणही देणार आहेत का?"

आता सरांना शाल मी घालायची आहे. पण अध्यक्षमहाराज, सरांचा निरोप आहे: आधी नव्या कोचचं नाव जाहीर करा. मुक्ताचं असेल तर शाल घेईन. नसेल, तर हॉलमध्ये हीटिंग पुरेसं आहे.

सकाळपासून खुर्च्या मांडणाऱ्या सगळ्यांचे मनापासून आभार. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल, तर वयाकडे पाहून पोटात घाला. मी जागेवर जाऊन बसत नाही. राजाभाऊ, माइक तुमच्याकडे देते.