डावीकडचा पेंढा

नाही हो, बाई नाही ती, बुजगावणं आहे. तुम्ही नमस्कार केलात म्हणून सांगितलं, नाहीतर मी बोललो नसतो. बरेच जण फसतात — रस्त्यावरनं जाणारे हातबित करतात तिला. ब्लाऊज आहे ना अंगात, म्हणून. कमरेला साडीचा तुकडा, डोक्याला मडकं, मागे लाल माठाच्या भाजीचा वाफा — लांबनं वाटतं, आता ही भाजी खुडायला वाकणार. वाकत नाही. तुम्ही इकडे या, या बाजूला. केळीची पिल्लं, मुनवे न्यायला आलात ना? गोखिवऱ्याला सोसायटीत लावायचेत म्हणता — लावा की, आमच्या सांडोरची केळ कुठेही धरते. फक्त हा रुंद पानाचा घेऊ नका, दिसतो गुबगुबीत पण पुढे दम नसतो त्याच्यात. हा बघा, अरुंद पानाचा, तलवारीसारखा — हा घ्यायचा. थांबा, मीच काढतो. पहार मारायची ती मोठ्या केळीच्या आणि याच्या मधोमध — अशी. गड्ड्यासकट आला पाहिजे. आणि कापलं तिथे राख लावायची, पिल्लालाही आणि मोठ्या केळीलाही. लोक पिल्लू घेऊन जातात आणि मोठीची जखम तशीच उघडी टाकतात, मग ती कुजते.

आलो गं — आलो. घरातनं हाक आली, ऐकलीत ना? बायको माझी, चंद्रकांता. आजारी आहे. तापबिप नाही — छातीचा कॅन्सर. आता म्हणतो मी हा शब्द, आधी दोन महिने नुसता गाठ-गाठ करत होतो. डॉक्टर म्हणाले, झपाट्याने पसरणारा आहे, तेव्हा औषधही तसंच दांडगं देणार. दिलं. आधी इंजेक्शनं — सहा. दर इंजेक्शनानंतर पाच दिवस बाई अंथरुणात, तोंडात फोड, पाणीसुद्धा झोंबायचं तिला. केस गेले, भुवया गेल्या. मग ऑपरेशन, डावी बाजू अख्खी. मग किरणांचा शेक, पंचवीस दिवस, रोज गाडी करून न्यायचो, एक दिवस चुकवला नाही — हे लिहून घ्या हवं तर. दवाखान्यातल्या नर्सबाई म्हणायच्या, चंद्रकांताताई, नवरा असावा तर असा. मी मान खाली घालायचो. लोकांना वाटायचं लाजतोय.

आता शेक संपून आठ दिवस झाले. कातडी करपलीय म्हणतात, काखेपर्यंत, सोलून निघते. म्हणतात म्हणजे — जयवंती म्हणते. माझी बहीण. ती होळी गावात दिलीय, चार महिने इथेच राहिली बिचारी. मलम लावायचं असतं दोन वेळा, आणि हिचा तो हात वर जात नाही, तेव्हा जयवंती लावायची. आज सकाळी तिची सासू पडली, तर ती निघून गेली. जाताना मलमाची नळी माझ्या हातात दिली — शंकरदादा, दहा वाजता लावायचं, विसरू नको. विसरलो नाही. खिशात आहे, ही बघा. वाजले किती तुमच्या घड्याळात? पावणेअकरा. हं. अजून एक मुनवा काढतो तुम्हाला, दोन कशाला नेता, तीन न्या.

बुजगावण्याचं विचारत होतात — नव्हतात विचारत? मला वाटलं. त्याचं काय झालं, ऑपरेशनानंतर तिने जुन्या ब्लाऊजांचं गाठोडं बांधून मागच्या पडवीत टाकलं. म्हणाली, कुणाला देऊन टाका, नाहीतर जाळा. आजारी माणसाचे कपडे कोण घेतं? आणि जाळायचे म्हणजे — चांगलं कापड हो. इकडे माठ उगवलेला, पाखरं सरी-सरीने फडशा पाडत होती. आमच्यात जुनं कापड वाडीतच जातं — माझ्या बापाचं धोतर बुजगावण्यावरच फाटलं, आईने काही म्हटलं नाही. तर मी त्यातलं एक ब्लाऊज घातलं बांबूच्या फुलीवर, आणि पेंढा भरला. भरताना कसा भरतो माणूस? फुगीर भरतो, दोन्ही बाजूंनी, अंग दिसायला पाहिजे ना पाखरांना. मी चांगला ठासून भरला. वर मडकं ठेवलं, गुळगुळीत. तेव्हा घरात तिच्या डोक्यावर एक केस नव्हता, आणि मी मडकं ठेवतोय. सुचलंच नाही. देवाशपथ सुचलं नाही. हातपाय धुऊन आत गेलो, तर ती खिडकीशी उभी.

 ओरडली असती तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी लावायला आलो तर सरीत पेंढा पडलेला. मला वाटलं कुत्र्याने ओढलं. वर बघतो तर — डावी बाजू रिकामी. ब्लाऊजचा डावा भाग नुसता लोंबतोय, आणि तो तिने आत दुमडून दाभणाने शिवलाय. एका हाताने, दुसरा वर जात नसताना. मी उपटायलाच गेलो, तर मागनं आवाज आला — काढू नका. माझ्याकडे बघायला जमत नाही ना तुम्हाला, तिच्याकडे बघा. सवय होईल.

झाली की सवय. पाखरांना झाली. परवा साळुंकी बसली होती तिच्या खांद्यावर. मला नाही झाली. मी रोज पाणी सोडतो आणि मान खाली घालून सरीसरीने जातो, तरी ती आहे हे पाठीला कळतं. मडक्याला डोळे काढलेले नाहीत मी, आणि बघते. जेवायला बसलं की खिडकीतनं दिसते. घरातली समोर बसून वाढते, तेव्हा मी ताटात बघतो.

असं बघू नका माझ्याकडे. मी वाईट माणूस नाही. दवाखान्यातनं आणलं तेव्हा कुशीत नळी होती, खाली बाटली, त्यातलं पाणी रोज मोजायचं होतं — मी म्हणालो, मला रक्त बघवत नाही. जयवंतीने मोजलं. खोटं होतं ते. कोयता पायात घुसला होता माझ्या, हाडापर्यंत, मीच फडकं बांधून चालत दवाखान्यात गेलो होतो. रक्ताचं काही नाही मला. मला भीती होती की मी बघेन आणि माझा चेहरा कसातरी होईल, आणि ती तो बघेल. मग तो चेहरा मागे कसा घ्यायचा? म्हणून बघितलंच नाही. चार महिने. ओटीवर झोपतो मी — तिला आराम पडावा म्हणून, असं सांगितलंय सगळ्यांना.

आलो म्हटलं ना गं — माणूस आलाय इथे, मुनवे देतोय.

तुम्हाला उशीर होतोय? नाही ना? अजून एक काढला असता... नको? बरं. नको तर नको. मीच थांबवून ठेवलंय तुम्हाला मघापासून, कळतंय मला.

थांबा. ऐका जरा. हाक थांबली. दोनदा मारली तिने, तिसरी येत नाहीये. तिची हाक आली की मला चुकवावीशी वाटते, आणि थांबली की कान तिकडेच लागतात. खिडकीत पण नाहीये.

ती बादली घ्या, बावखलाचं, वाडीतल्या तळ्याचं पाणी आहे, स्वच्छ आहे. ओता माझ्या हातांवर. मातीच्या हातांनी कसं जायचं, सोललेली जागा आहे. अजून ओता. हा चीक नाही जायचा, केळीचा चीक तो, काळाच राहणार — राहू दे. नखं बघा हो माझी, आहे का माती? नाही ना?

बास. मुनवे उचला आणि निघा तुम्ही. फाटक ओढून घ्या.