औषध पाजलंत ना हिला?

नाही – मला नीट आठवतंय की नाही याची माझी मलाच खात्री नाही, अब्रार, त्यामुळे तू विचारतोयस त्याला मी एकदम हो म्हणणार नाही. पिस्टन कशाने धरला, कशाने जाम झाला, विचारतोस? गंजाने. चाळीस वर्षं गाडी आमच्या मागच्या पडवीत पडलेली, गंजाशिवाय काय असणार? – स्टूल नको, मी उभाच बरा आहे. अनुपमने मला विचारलं असतं तर मी ती टेंपोत चढवूच दिली नसती. नातवाला काय, जुनी मोटारसायकल चालू करून गावभर मिरवायची. आणि आणली ती नेमकी तुझ्या गॅरेजमध्ये. तुझे वडील याच गाडीवर गेले हे त्याला कुठे माहीत आहे! तू ओळखलीस? नंबरावरून? – आणि तरी खोललीस.

सिलिंडर दाखव. नको, राहू दे, दिसतंय इथून. त्या रेघांवरून सारखं बोट नको फिरवूस, बाबा. गंजाच्या नाहीत म्हणतोस. गंज ठिपक्याठिपक्यांनी धरतो, आणि या वरून खाली ओढल्यासारख्या उभ्या, पिस्टनचा धातू तापून भिंतीला चिकटलेला – बरोबर आहे तुझं. पडून नाही धरला. चालता चालता धरलाय. मला कळतं, तेहेतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलंय.

लियाकत माझ्या प्रयोगशाळेत सहायक होता, हे भाभींनी, तुझ्या आईने, सांगितलं असेल तुला. भाभी आत आहेत का? – मग हळू बोलतो. त्या दिवशी कशेळ्याहून निरोप आला, मुलगा झाला. म्हणजे तू. भाभी बाळंतपणाला माहेरी होत्या. पुढची जीप तासाभराने, म्हणून मीच म्हटलं, माझी गाडी घेऊन जा – की त्याने मागितली? नाही, मीच म्हटलं. टाकी कोरडी होती. घरात कॅन होता, त्यातलं पेट्रोल मी ओतलं. आता तुला मी काय सांगायचं – या इंजिनाला ऑइल पेट्रोलमधूनच मिळतं, आधी मिसळावं लागतं, विसरलं की दहा-बारा किलोमीटरमध्ये पिस्टन तापून धरतो आणि मागचं चाक जागच्या जागी बंद. बाकीचे लोक पंपावर अंदाजाने घालायचे. मी नाही. मी कॉलेजातली काचेची मापनळी घरी आणून ठेवली होती, रेघेला रेघ लावून ऑइल मोजायचो, कॅनमध्येच मिसळायचो, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे. लियाकत हसायचा – सर, गाडीला औषध पाजताय की तान्ह्या पोराला?

त्या दिवशीही त्याने विचारलं. हे मात्र स्वच्छ आठवतं मला. किकवर पाय ठेवला, थांबला, म्हणाला – सर, औषध पाजलंत ना हिला? आणि मी – मी चिडलो रे. म्हटलं, लियाकत, कॉलेजात रसायनशास्त्र कोण शिकवतं, तू की मी? त्याने कान पकडला, चुकलं सर म्हणाला, आणि गेला. कशेळ्याच्या अलीकडे उतारावर पूल आहे. त्या पुलाच्या कठड्याचं मी तुला सांगायला नको.

लोक काय बोलले तेही तुला माहीत आहे. पोरगा झाला, मंग घेतली आसल थोडी, त्यात काय! – लियाकतबद्दल, जो सुपारीचं खांड तोंडात टाकत नसे. भाभींना बाळंतिणीच्या खाटेवर हे ऐकवलं लोकांनी. तुला शाळेत चिडवायचे ना त्यावरून? ऐकलं होतं मी. पोलिसांनी मला एवढंच विचारलं – सर, निघताना तो प्यायलेला होता का? नाही म्हणायचं, संपलं. पण नाही म्हटलं की पुढचा प्रश्न आला असता – मग सरळ रस्त्यावर चाक धरलं कसं? मी म्हटलं, मला नीट आठवत नाही. तसंच लिहिलं त्यांनी. खाली माझी सही आहे, पदव्यांसकट.

पान्हा खाली ठेव. बरं, नको ठेवूस. – दार कुणी उघडलं? भाभी आहेत? कधीपासून उभ्या आहेत त्या? नको, सांगू नकोस, मी मागे वळून बघत नाही. मला एवढं पुरं करू दे, मग काय ते करा दोघं.

कॅनच्या तळाशी थोडं उरलं होतं. दुसऱ्या दिवशी ते मी प्रयोगशाळेतल्या तपकिरी बाटलीत भरलं, बुचावर मेण ओतलं, आणि कपाटात अगदी मागे ठेवलं. कशाला ठेवलं? तपासायला. मग तपासलं का नाही? – तपासणं सोपं होतं रे, टिपकागदावर एक थेंब टाकायचा, पेट्रोल उडून जातं, ऑइल असलं तर तेलकट डाग मागे राहतो. दोन मिनिटांचं काम. मला अकरा वर्षं लागली. तोवर रोज स्वतःला सांगायचो, घातलं असेल, मी विसरणारा माणूस नाही. तू सहावीत होतास त्या वर्षी मी मेण फोडलं. कागद वाळू दिला, खिडकीशी धरला, उलटा करूनही धरला. डाग नव्हता.