नंबर कोणाचा?

स्कूटर उद्या मिळेल, असं गॅरेजवाल्याने सांगितलं, तेव्हा शिवणकामवाल्या बाईंनी बाकावर बसूनच मोबाइलवर टॅक्सी मागवली. शेजारी एक टॅक्सीवाला मामा आणि त्याचा टॅक्सीवाला भाचा बसले होते. दोघांच्या धुतलेल्या गाड्या बाहेर वाळत होत्या. तेवढ्यात मामाचा मोबाइल वाजला.

"मामा, घ्या! मोबाइलवरची तुमची पहिली सवारी!"

"थांब रे. इथं आधी कोण आलं? तू. मग नंबर तुझा."

"हा स्टँड नाही मामा. इथं जो बोट लावेल त्याचा नंबर."

"उभ्या जन्मात कुणाचा नंबर मारला नाही, आता बोटासाठी मारू?"

"गेली! बघा, माझ्याकडे आली."

"मग घे की. नंबर तुझाच होता."

"मुळीच घेणार नाही. आज सवारी नाही मिळाली तर गाडी विकणार म्हणे तुम्ही."

"तुझ्या मामीच्या तोंडात तीळ भिजेल तर शपथ!"

"हे बघा, सोडली मी. माझा नंबर गेला. आता पुढचा कोण?"

"मी."

"मग तुमचा मोबाइल परत वाजतोय, घ्या! लावा बोट!"

"लावलं बाबा. आता?"

"आता सवारीला फोन करून विचारा, कुठं आहात."

मामाने घसा खाकरला, कॉलर नीट केली. बाईंच्या मांडीवरचा मोबाइल वाजला.

"नमस्कार, टॅक्सीवाला बोलतोय. कुठं उभ्या आहात बाई?"

"उभी कुठली, मामा? मघापासून तुमच्या शेजारीच बसलेय. चला, नंबर तुमचाच आहे."