रविवारी वेणीफणी करून

"लॅपटॉप जमिनीवर ठेवू नकोस, पोरगी पाय देईल," असं आईने बजावलं होतं, तेव्हा तिने ते हसण्यावारी नेलं. आता वॉरंटी संपलेला, स्क्रीन तडकलेला लॅपटॉप हातात आणि लेक कडेवर घेऊन ती दुरुस्तीच्या दुकानात उभी होती. तिच्यापुढच्या म्हाताऱ्या बाईंनी उशीच्या अभ्र्यातून आपला जुना लॅपटॉप काढला.

दुरुस्ती करणाऱ्या मुलाने तो उघडून पाहिला. "काकू, स्क्रीन पार गेलीय. कधीपासून?"

"झाले तीन महिने."

"तेव्हापासून बंदच?"

"छे रे! दर रविवारी मुलाचा कॉल येतो. कुठलं बटण दाबायचं ते बोटांना पाठ आहे."

"पण तुम्हाला दिसतं काय?"

"काळोख. त्याला मात्र मी दिसते. वेणीफणी करून बसते नि हसत राहते."

"तीन महिने काळोखाकडे बघून हसताय?"

"तुझ्या काकांकडे बघून चाळीस वर्षं हसले, हे काय अवघड?"

"अहो, पण मुलाला सांगायचं ना!"

"सांगितलं तर म्हणेल, आई, आपण साधा फोनच करू. मग मी त्याला कशी दिसणार?"

"मॉडेल जुनं आहे. स्क्रीन मागवायला महिना तरी लागेल."

"महिना? अरे, नात चालायला लागलीय. नुसती पावलं ऐकते मी. तोवर धावायला लागेल रे ती."

बाईंनी लॅपटॉप पुन्हा अभ्र्यात सरकवला. रविवार परवावर आला होता.

घरी आईला व्हिडिओ कॉल करणाऱ्यांना, लेक कडेवर घेऊन हे सगळं ऐकणाऱ्या तिची एकच विनंती आहे. "आई, मी दिसतेय ना?" असं विचारू नका, आई हो म्हणेल. आज मी कुठल्या रंगाचं घातलंय, ते विचारा.