पितृपक्षातलं बुकिंग

आत्ता घर घ्यावं की थांबावं, हे मला काय विचारतोस? आमच्या आईला विचारायला हवं होतं रे.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मुलुंडला एका बिल्डिंगचं बुकिंग चालू होतं. आईला दाखवल्याशिवाय सही कशी करणार, म्हणून तिला घेऊन बिल्डरच्या साइटवरच्या ऑफिसात गेलो. बिल्डर म्हणाला, "काकी, आजच बुक करा. घटस्थापनेपासून रेट वाढणार."

आई म्हणाली, "आता पितृपक्ष चालू आसा. पितृपक्षात घर घेतत काय कोण?"

माझी वाट लागली. रेट आणखी वाढला असता, तर मुलुंड सोडून थेट कर्जतला घर बघावं लागलं असतं. आणि आमची आई मालवणची, एकदा नाही म्हटलं की विषय संपला.

तेवढ्यात तिनं विचारलं, "पण बिल्डिंग खंय आसा?"

बिल्डरनं खिडकीबाहेर बोट दाखवलं. पायासाठी खणलेला मोठा खड्डा होता, त्यात पाणी साचलेलं आणि पाण्यात एक म्हैस निवांत बसलेली.

आईनं सगळं नीट बघितलं आणि माझ्याकडे वळली.

"मगे कर सही. हयसर घर खंय आसा? खड्ड्याक कसलो पितृपक्ष?"