खिळ्यावरचा बिल्ला

जयदीप : इथल्या मराठी मंडळानं तुला दोन मिनिटांचा परिचय द्यायला सांगितलंय, शलाका. हा तर गावाचा इतिहास झाला. सरांचं नाव कुठेय यात?

शलाका : शेवटी येतं.

जयदीप : पहिलं पान नुसतं कोळशाचं आहे.

शलाका : गावच कोळशाचं होतं. ज्या गावातून त्यांनी मुलं बाहेर काढली म्हणून आज सत्कार आहे, ते गाव लोकांना कळू दे की. वाच मोठ्यानं. स्वरा आत्ताच झोपलीय, उठायची नाही.

जयदीप : "युक्रेनच्या पूर्वेला नुसता गवताळ माळ होता. तिथे कोळसा लागला. खाणीच्या तोंडाशी आधी खानावळ आली, मग बराकी, मग चर्च, मग शाळा. आतून काढलेल्या दगडमातीच्या टेकड्या झाल्या आणि त्या टेकड्यांवरून लोक आपलं घर ओळखू लागले." बरं लिहिलंयस. पण सत्काराला?

शलाका : पुढे वाच.

जयदीप : "मागच्या मोठ्या युद्धात जर्मन आले तेव्हा खाणकामगारांनी आपल्या हातानं खाणींत पाणी सोडलं, शत्रूला कोळसा मिळू नये म्हणून. युद्ध संपल्यावर तेच पाणी उपसायला कित्येक वर्षं गेली. उपसताना खाली माणसं सापडली." कोण माणसं?

शलाका : गावातलीच. जर्मनांनी जिवंत ढकललेली. ज्याच्या खिशात खाणीचा नंबरचा बिल्ला सापडला त्याला नाव मिळालं. बाकीच्यांना एकच मोठा दगड. हे मला पावलोआजोबांनी दाखवलं होतं.

जयदीप : पावलो म्हणजे तुमच्या मेडिकलच्या होस्टेलचा वॉर्डन.

शलाका : आधी खाणीत, निवृत्त झाल्यावर आमच्या होस्टेलवर. मी चंद्रपूरची, माझे बाबाही खाणीतले, हे कळल्यापासून मला चहात साखर विचारायचे नाहीत. दोन चमचे घालूनच द्यायचे. वाच.

जयदीप : "आता पुन्हा युद्ध. पंपांची वीज गेली. खाणींत पाणी परत चढतंय. विहिरींना पिवळं पाणी येतं. गाव जिथून वर आलं तिकडेच खाली चाललंय." आणि इथून एकदम "अशा या गावात गुरुप्रसाद सर बस घेऊन आले". शलाका, माझ्याकडे बघ. काय चाललंय?

शलाका : परवा ग्रुपवर सरांच्या काचेच्या कपाटाचा फोटो आला होता. बघितलास?

जयदीप : बघितला. पितळी बिल्ला. खाणीतल्या म्हाताऱ्यानं कृतज्ञतेनं दिला, असं खाली होतं. आज स्टेजवर दाखवणार आहेत.

शलाका : नंबर?

जयदीप : थांब, मोठा करतो. एकशे सात.

शलाका : माझ्या आणि जुईलीच्या खोलीचा.

जयदीप : कशावरून?

शलाका : खालच्या बाजूला चरा आहे बघ. जुईलीनं त्यानं जॅमची बाटली उघडली होती. आजोबा आठवडाभर तिच्याशी बोलले नव्हते.

जयदीप : मग सरांकडे कसा आला?

शलाका : तुला मी फक्त तळघर सांगितलंय, फळा नाही सांगितला. खाणीत उतरताना प्रत्येक जण आपला बिल्ला फळ्यावर लावतो, वर आला की काढतो. पाळी संपली आणि बिल्ला लटकतोय, म्हणजे कुणीतरी खाली आहे. तोफा सुरू झाल्यावर आजोबांनी तोच फळा तळघराच्या दाराबाहेर ठोकला. जुन्या खाणीचे उरलेले बिल्ले, खोलीला एक. खाली जाताना लावायचा, वर आलो की आजोबांच्या डब्यात टाकायचा.

जयदीप : आणि त्या दिवशी तुमचा लावलेला होता.

शलाका : मी स्वतः लावला. जुईलीला दम्याचा झटका आला होता, तिला जिना चढवत नव्हता. बस आली हे वरच्या धावपळीवरून कळलं. मी घाबरले नाही, जयदीप. बिल्ला लटकतोय तोवर वरचा माणूस हलत नाही, हे आजोबांनी आमच्याकडून पाठ करून घेतलं होतं. आम्ही हाकेची वाट बघत बसलो.

जयदीप : आजोबा कुठे होते?

शलाका : पाण्याचे कॅन आणायला. मुलांनी फळा बघितला, रिकामा. कुणीतरी म्हणालं, एकशे सातवाल्या आदल्या गाडीनं गेल्या असतील. बस गेली. मग जिन्यावर गोळा पडला.

जयदीप : पुढचं माहीत आहे मला. नको सांगूस.

शलाका : पुढचंही अर्धंच माहीत आहे. आजोबांनी डबा उघडला. एकशे सात फळ्यावर नाही आणि डब्यातही नाही. म्हणजे माणूस जमिनीखालीच. त्यांनी आपल्या जुन्या पाळीची माणसं गोळा केली आणि हातांनी उकरायला लावलं. मी जिवंत निघाले. जुईलीचा श्वास पहाटेच थांबला होता. इनहेलर तिच्या आधी संपलं होतं.

जयदीप : शलाका.

शलाका : इतकी वर्षं मला वाटायचं, तो बिल्ला स्फोटात उडाला असेल. तो इथे सबाह अल-सालेमला, सरांच्या घरी मखमलीवर ठेवलेला होता.

जयदीप : त्यांनी मुद्दाम केलं असं म्हणायचंय तुला? त्या माणसाची तिथे स्टीलच्या कंपनीत नोकरी होती, तो आपल्या जिवावर उदार होऊन बस घेऊन गेला. बसभर मुलं वाचली. ती मुलं आज डॉक्टर आहेत.

शलाका : त्यांनी त्याच्यावर फुलं उधळावीत. मी बसमध्ये नव्हते.

जयदीप : तू नक्की काय करणार आहेस?

शलाका : परिचय वाचणार. मग स्क्रीनवर आजोबा येतील. आता पोलंडमध्ये नातीकडे असतात. मी युक्रेनमध्ये शिकले एवढंच इथे सगळ्यांना माहीत आहे. मंडळाला सांगितलंय, सरांसाठी सरप्राइज आहे. सर बिल्ला वर धरतील, आजोबा विचारतील, मी मराठीत सांगेन. जुईलीची आई नाशिकहून बघणार आहे.

जयदीप : आणि उद्या माझ्या नोकरीचं रिन्यूअल त्यांच्याच टेबलावर जाणार आहे. माझा इकामा, इथला राहायचा परवाना, त्यावर, तुझा आणि स्वराचा माझ्यावर. त्यांनी सही केली नाही तर महिन्याभरात आपण विमानतळावर असू.

शलाका : असू.

जयदीप : इतकं सोपं? स्वराचं नाव बालवाडीत घातलंय. तूच घातलंस, त्या शाळेचा मागचा दरवाजा कुठे उघडतो ते बघून.

शलाका : सोपं नाहीये. तिच्या जागी दुसऱ्या शाळेचा दरवाजा बघेन. ते मला येतं.

जयदीप : एकट्याला गाठून सांग ना त्यांना. ते माफी मागतील. माणूस वाईट नाहीये.

शलाका : मला माफी नकोय. माफी मिळाली की आपण चहा टाकायचा आणि विषय संपला. मला तो माणूस भरल्या हॉलमध्ये बिल्ला हातात घेऊन उभा हवाय, आणि तो खाली ठेवायला त्याला जागा सापडायला नकोय.

जयदीप : हे तुझं बोलणं नाहीये.

शलाका : माझंच आहे. तुझ्याशी पहिल्यांदा बोलतेय इतकंच.

जयदीप : आजोबा काय म्हणाले?

शलाका : नंबर दोनदा विचारला. मग म्हणाले, त्याला एकच विचार, फळ्यावरून काढलास तेव्हा खाली हाक मारलीस का?

जयदीप : आणि मारली असेल तर? तोफांच्या आवाजात तुम्हाला ऐकू आली नसेल तर?

शलाका : तर मी त्यांचं नाव, गाव, पद वाचते आणि खाली बसते. आजोबांना सांगेन, नेट गेलं. तुझी शपथ.

जयदीप : विचारणार कधी? कार्यक्रम सहाला आहे.

शलाका : आता. परिचय एकदा ऐकून जा म्हणून मी त्यांना बोलावलंय. वॉचमन तौफीकला सांगून ठेवलंय, गाडी खालीच लावू दे म्हणून.

(बेल वाजते. जयदीप दार उघडतो.)

गुरुप्रसाद : अरे काय जयदीप, तुमचा तो तौफीक हारिस आहे का पोलीस? कुणाकडे, कितव्या मजल्यावर, किती वेळ. आमच्या बिल्डिंगचा वॉचमन तौफीकसारखा असता तर माझ्या दोन सायकली चोरीला गेल्या नसत्या.

जयदीप : हिनं शिकवलंय त्याला, सर. या ना.

गुरुप्रसाद : वहिनी, नमस्कार. बसत नाही हं फार, बायको खाली एसी लावून बसलीय. छोटी कुठेय? झोपलीय? मग हळू बोलतो. आयुष्यात पहिल्यांदाच.

शलाका : करक चहा घेता का?

गुरुप्रसाद : नको, स्टेजवर मध्येच उठावं लागेल. वाचा, वाचा तुमचं.

शलाका : वाचायचं फार नाहीये, सर. मला एकदोन गोष्टी नीट विचारून घ्यायच्या होत्या. चुकीचं काही जायला नको. बिल्ला आणलाय?

गुरुप्रसाद : हा काय. हातात घ्या, वजन बघा. आता असं पितळ मिळत नाही.

शलाका : जड आहे.

गुरुप्रसाद : कुठे निघालात?

शलाका : इथे दारापाशी खिळा आहे. घरात आलो की किल्ली इथेच लावतो आम्ही. बघत होते, कसा दिसतो.

गुरुप्रसाद : अगदी तसाच. तिथे असाच लटकत होता. काळा फळा, खिळेच खिळे आणि हा एकटा.

शलाका : एकटाच होता?

गुरुप्रसाद : एकटाच. आता घरचे आहात म्हणून सांगतो, म्हाताऱ्यानं वगैरे दिला नाही हो. तो होता कुठे जागेवर. मीच काढून घेतला. म्हटलं, या गावाचं उद्या काही शिल्लक राहणार नाही, आठवण म्हणून असू दे. पण स्टेजवर म्हाताऱ्यानंच दिला असं म्हणू. लोकांना ऐकायला बरं वाटतं.

जयदीप : सर, तो बिल्ला कशासाठी असतो, तेव्हा माहीत होतं तुम्हाला?

गुरुप्रसाद : माहीत म्हणजे? मुलांनीच सांगितलं. वर आलेल्यानं आपला काढायचा. फारच शिस्तीचा म्हातारा. एक मुलगी बसच्या पायरीवर अडून बसली, म्हणे कुणी राहिलं नाही ना खाली. मी तिला दंडाला धरून फळ्यासमोर उभी केली. म्हटलं बघ, रिकामा. रिकामा म्हणजे सगळे वर. यल्ला, चढ.

शलाका : तेव्हा हा कुठे होता?

गुरुप्रसाद : हा? खिशात.

शलाका : खाली एखादी हाक मारली असेल ना तुम्ही? जाता जाता?

गुरुप्रसाद : कशाला, वहिनी? फळा रिकामा होता ना. आणि खरं सांगू, त्या जिन्याच्या तोंडाशी उभं राहायची माझी छाती नव्हती. आतून गार वारा यायचा. ते काही तुम्ही लिहू नका.

शलाका : नाही लिहिणार.

जयदीप : सर, तुम्ही जरा बसा. एक मिनिट बसा.

गुरुप्रसाद : अरे, बायको ओरडेल. का, रिन्यूअलचं विचारायचंय? उद्या सकाळी पहिली सही तुझीच आहे. खल्लास. तेवढ्यासाठी तोंड पाडू नकोस. वहिनी, झालं ना तुमचं? आणि ते स्क्रीनचं काय आहे म्हणे? सेक्रेटरी काही बोलायला तयार नाही.

शलाका : एका म्हाताऱ्या माणसाला तुम्हाला बघायचंय.

गुरुप्रसाद : कुणाला? तो वॉर्डन? जिवंत आहे? काय बोलताय. त्याला शोधून काढलंत कुठून?

शलाका : त्यानं मला शोधलं होतं एकदा. तेव्हापासून ओळख आहे.

गुरुप्रसाद : वा. मग तर त्यानं बिल्ला दिला असं सांगायला नको, पकडेल मला. सांभाळून घ्या हं त्याला, तुम्ही भाषांतर करणार ना. दोन शब्द गोड घालून सांगा.

शलाका : तो म्हणेल तेवढंच सांगेन, सर. बिल्ला वर धरताना नंबर प्रेक्षकांकडे करा. पाठ त्यांना दिसली तर मागच्या रांगेतून काही वाचता येत नाही.

गुरुप्रसाद : तुमचं लक्ष बारीक असतं बुवा सगळीकडे. जयदीप, नशीबवान आहेस. चला, भेटू हॉलवर. अरे, माझा बिल्ला राहिला की खिळ्यावर.

जयदीप : थांबा, सर. मी देतो काढून.

गुरुप्रसाद : दे. आणि चेहरा नीट कर रे, सत्कार आहे, शोकसभा नाही.

शलाका : दार हळू ओढ, जयदीप. स्वरा उठेल.

जयदीप : कडी नाही घातली. लिफ्ट अजून वर यायचीय. हाक मारली तर ऐकू जाईल त्यांना.

शलाका : मार. मी अडवत नाहीये.

जयदीप : त्या मुलीला फळ्यासमोर उभी केली म्हणाले. बिल्ला खिशात ठेवून.

शलाका : ऐकलं मी.

जयदीप : लिफ्ट आली.

शलाका : हं.

जयदीप : गेले. आपणही निघू. स्वराचे बूट कुठे आहेत?

शलाका : दाराशीच. ते तिथेच असतात.